क्वार्टर सोडण्याआधी

शेजारच्या काकूंचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. काका निवृत्त झाले होते, क्वार्टर परत द्यायचं होतं, आणि दोघं मुलाकडे पुण्याला निघाली होती. फाटकाशी रद्दीवाल्याचा तराजू लागला होता. ढिगात वरच एक जाड, काळ्या पुठ्ठ्याची वही दिसली. उघडली तर काकांच्या वडिलांचं अक्षर. १९६१ पासूनचा घरखर्च: दूध, रॉकेल, गावी मनीऑर्डर, गणपतीची वर्गणी. समासात रोजची शिफ्ट लिहिलेली. पहिल्या पानावर नाव नाही, फक्त सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर.

"काकू, ही मी ठेवू?"

"ठेव गं. आम्ही कुठं नेणार?"

त्या संध्याकाळी मी ही टिपणं लिहायला घेतली.

*

गावाकडच्या घराला माळा असतो, भिंतीत फडताळ असतं, देवघरामागे कुणी न उघडलेली पेटी असते. तिथले कागद कुणी मुद्दाम जपत नाही. घर हलत नाही म्हणून तेही जागेवर राहतात. छत्तीसगढातली भिलाई पोलाद कारखान्याची, इथे घर कंपनीचं. नोकरी लागली की छोटं क्वार्टर, बढती मिळाली की मोठं, निवृत्ती आली की चावी परत. पुढे काही क्वार्टरं लीजवर मिळाली, तिथली माणसं टिकली. बाकीच्यांची एकेका आयुष्यात तीन-चार वेळा बांधाबांध झाली आणि प्रत्येक वेळी सगळ्यांत आधी कागद गेले. कढई कुणी टाकत नाही. पत्रं टाकतात.

*

माझे वडील भंडाऱ्याकडून १९५८ साली इथे आले. त्यांची नेमणुकीची चिठ्ठी आमच्याकडे नाही. आईने ती किती वर्षं ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती, आणि कोणत्या घरबदलात ती गेली, हे आता सांगणारं कुणी उरलेलं नाही. आज मी दुसऱ्यांचे कागद मागत फिरते, त्याचं मूळ तिथे आहे.

*

मोठ्या तारखांची मला काळजी नाही. २ फेब्रुवारी १९५५ ला या कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. मधे चार वर्षं आणि दोन दिवस. सोव्हिएत इंजिनियरांचे प्रमुख वेनियामिन दिमशित्स होते, ते पुढे मॉस्कोत उपपंतप्रधान झाले. करार झाला तेव्हा देशाचे अर्थमंत्री आपले चिंतामणराव देशमुख होते. हे सगळं स्मरणिकांमध्ये आहे, दगडांवर कोरलेलं आहे.

त्या चार वर्षांत कॅम्पातल्या झोपड्यांमध्ये भाकरी कोण थापत होतं, पाणी कुठून यायचं, पहिलं बाळंतपण कुणी केलं, हे कुठल्याच दगडावर नाही. ज्यांना ठाऊक होतं त्यांतली बहुतेक माणसं गेली. जी आहेत ती पंच्याऐंशीच्या पुढची आहेत.

*

आपल्या दफ्तराचं पहिलं पान नागपूरच्या भिंतीवर टांगलेलं होतं, हे भिलाईतल्या मराठी मुलांना सांगायला हवं.

गोष्ट विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. जमशेदजी टाटांना पोलादाचा कारखाना काढायचा होता. मुलगा दोराबजी आणि अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड यांनी चांदा जिल्ह्यातलं लोहारा पाहिलं, पण तिथे काही जमेना. शोध थांबवतो आहोत हे कळवायला दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ काढायला ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर त्याला अजबबंगला म्हणतात. आत मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा होता आणि त्यात दुर्गच्या बाजूला लोखंडाचा गडद रंग भरलेला होता. तो रंग प्रमथनाथ बोस यांच्या शोधाचा. भूगर्भ खात्यात असताना त्यांनी १८८७ मध्ये या भागातल्या लोखंडाची नोंद केली होती. नकाशा पाहून मंडळी दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पोचली. लोखंड उत्तम निघालं, पण जवळपास चांगला कोळसा नव्हता. मग याच बोस यांनी १९०४ साली मयूरभंजचं लोखंड कळवलं आणि टाटांचा कारखाना साकचीला गेला. आज आपण त्याला जमशेदपूर म्हणतो. राजहराचा डोंगर अर्धं शतक थांबला आणि भिलाईच्या वाट्याला आला.

मी यातून एवढंच घेते: तो नकाशा कुलपात नव्हता. वेळ काढायला आलेल्या माणसाच्या नजरेला पडेल असा टांगलेला होता.

*

आता राजहराचं लोखंड सरत आलं आहे, रावघाटच्या लोखंडाकडे डोळे लागले आहेत. डोंगर संपतो तेव्हा त्याच्या पायथ्याच्या वस्तीचं काय होतं, त्याचेही कागद आत्ताच गोळा करायला हवेत.

*

भिलाईचा इतिहास शोधणाऱ्याने रेल्वेचं वेळापत्रक जवळ ठेवावं. दुर्ग जिल्हा झाला १ जानेवारी १९०६ ला, त्याआधीचं बरंचसं रायपूर-बिलासपूरच्या नावावर. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत आमची राजधानी नागपूर, म्हणजे त्या काळचा सरकारी पत्रव्यवहार नागपूरच्या पुराभिलेखागारात शोधायचा. दुसऱ्या दिवसापासून राजधानी भोपाळ. १ नोव्हेंबर २००० पासून रायपूर. कारखाना केंद्र सरकारचा, म्हणून काही फायली दिल्लीला. नकाशे आणि यंत्रांची रेखाचित्रं मूळ रशियन. एका कारखान्याच्या गावाचा इतिहास सहा ठिकाणी वाटला गेला आहे, आणि या सहांत भिलाईतल्या माणसाच्या घराचं नाव नाही.

*

दुर्गच्या कलेक्टर कचेरीतल्या जमिनीच्या जुन्या बंदोबस्ताच्या नोंदीला इथले लोक 'मिसल' म्हणतात. जातीच्या दाखल्यासाठी आजही तिची नक्कल काढावी लागते, त्यामुळे खेड्यातला साधा माणूसही हा शब्द ओळखतो. आजोबाचं नाव मिसलीत आहे की नाही यावर नातवाचं शिक्षण अडतं. जुन्या कागदाची किंमत आम्हा टाउनशिपवाल्यांपेक्षा त्यांना जास्त कळलेली आहे.

*

स्कॉटलंडच्या वायव्येला लुईस नावाचं बेट आहे. झाडं कमी, वारा फार, माणसं थोडी. त्याच्या उत्तर टोकाला नेस ही काही वाड्यांची वस्ती. १९७७ साली तिथल्या लोकांनी स्वतःचं इतिहास मंडळ काढलं, त्यांच्या गेलिक भाषेत 'कोमुन आखड्री'. म्हाताऱ्यांच्या आठवणी टेपवर घेतल्या, घरोघरचे फोटो जमवले, कोण बोटीवर गेलं, कोण कॅनडाला गेलं, ते लिहून काढलं. बाहेरून प्राध्यापक येऊन आपला इतिहास लिहील याची वाट पाहिली नाही. पाहता पाहता शेजारच्या बेटांवरही अशी मंडळं उभी राहिली.

शेजारच्या हॅरिसमध्ये बिल लॉसन नावाच्या अभ्यासकाने आणखी एक नेटकं काम केलं. तिथली शेती लहान लहान तुकड्यांची, प्रत्येक तुकड्याला नंबर. त्याला क्रॉफ्ट म्हणतात. लॉसन यांनी गावागणिक, नंबरागणिक लिहीत नेलं: या क्रॉफ्टवर अमक्या साली कोण होतं, त्यांची मुलं कोण, ती कुठे गेली, मग कोण आलं. राजा नाही, लढाई नाही. नंबर आणि माणसं.

हे वाचलं आणि मी उठून काळी वही पुन्हा काढली. तिच्या पहिल्या पानावर नाव नव्हतं, नंबर होता.

*

म्हणून आमची क्वार्टर-वही. एका पानावर एक क्वार्टर. रकाने असे: कोण राहिलं, कुठल्या गावचं, कोणत्या खात्यात, कधी आलं, कधी सोडलं, इथून कुठे गेलं. पहिल्या स्ट्रीटची सोळा पानं भरायला मला चार महिने लागले. एका पानावर पालघाटचे, मग रोपडचे, मग वर्ध्याचे, आणि आता एक मुलगी एकटी, बिलासपूरची. दुसऱ्यावर तीस वर्षं एकच बंगाली कुटुंब. फोनवर फोन. केरळातल्या एका आजींनी साठच्या दशकातल्या सगळ्या शेजारणींची नावं क्रमाने सांगितली, स्ट्रीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू त्या अंगणात उभ्या राहून पाहत होत्या. मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ लिहिताच आलं नाही.

*

क्रॉफ्ट बापाकडून मुलाकडे जातो. क्वार्टर एका अनोळखी कुटुंबाकडून दुसऱ्या अनोळखी कुटुंबाकडे जातं, त्यामुळे दोन कुटुंबांमधला सांधा कुणाच्याच आठवणीत नसतो. लॉसन यांच्यापेक्षा आमचं काम इथे अवघड आहे.

तो सांधा मला एका जागी सापडला, तो झाडांत. अंगणातला कढीपत्ता तमिळ बाईंनी लावलेला, त्याची फोडणी पुढे पंजाब्यांच्या घरी पडली. शेवगा ओडिया कुटुंबाचा. लिंबू कुणाचं ते तीन घरांना विचारलं, तिघांनीही "आम्ही आलो तेव्हा होतंच" असं सांगितलं. आता वहीत एक रकाना वाढवला आहे: अंगणातलं झाड, लावलं कुणी.

*

रुआबांधा, रिसाली, मरोदा, नेवई, कोहका, सुपेला, खुर्सीपार. ही मुळात सेक्टरांची नावं नाहीत, ही गावांची नावं. छत्तीसगढीत बांधा म्हणजे बांध घालून अडवलेलं तळं. सेक्टरांना आकडे दिले, पण कडेची नावं गावांचीच राहिली.

एका दाईकडे गेले होते. इथे म्हाताऱ्या बाईला दाई म्हणतात. वय तिलाही नक्की माहीत नाही. ओसरीत बसून तिने कारखान्याच्या चिमण्यांच्या दिशेने हात केला. "इहाँ हमर खेत रहिस, बेटी." मग शेताचे प्रकार सांगत गेली. भर्री म्हणजे काळी कोरडवाहू. टिकरा म्हणजे उंचवट्यावरची हलकी. बाहरा म्हणजे सखल, पाणी धरणारी, भाताची सगळ्यांत चांगली. "बाहरा गिस," ती म्हणाली. बाहरा गेला. पैसे किती मिळाले ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

क्वार्टर-वहीच्या आधी एक पान असायला हवं: या जागी क्वार्टर येण्यापूर्वी कुणाचं शेत होतं. ते पान नसेल तर आमचा सगळा खटाटोप अर्धा आहे, असं मला मनापासून वाटतं. आम्ही उजाड माळावर आलो अशी समजूत टाउनशिपमध्ये लहानपणापासून ऐकली. माळ नव्हता. बाहरा होता.

*

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी १९९० च्या दशकापासून भिलाईत येऊन राहत, बस्त्यांमध्ये बसत, लोकांशी बोलत. २०२० साली त्यांचा भिलाईच्या कामगारांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांच्या एका निबंधात कारखाना उभा राहत असतानाची कुजबुज आहे: भट्टी चालावी म्हणून माणसं बळी दिली जातात. खेड्यातल्या लोकांच्या मनात त्या काळी केवढी धास्ती असेल. हे ऐकणारा परका माणूस होता. आम्ही त्याच गावात वाढलो आणि घरी काम करायला येणाऱ्या बाईला हे कधी विचारलं नाही. पॅरींच्या कामाबद्दल मला आदर आहे, आणि आमच्याबद्दल खंत.

*

मराठी भिलाई म्हणजे कोण, हे आधी ठरवून घ्यावं. मंडळाचा गणपती, हळदीकुंकू, दिवाळीतलं नाटक, हे कागद मिळतात: जमाखर्च, हस्तपत्रिका, फोटो. ते जपायलाच हवेत. नाटकाच्या फोटोत राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा आहे आणि मागचा पडदा कुणाच्या तरी घरची चादर आहे, हे पाहून डोळे भरून येतात. आठ तास भट्टीसमोर उभं राहून आलेली माणसं रात्री तालीम करत होती.

पण नागपूर, भंडारा, गोंदिया इकडून आलेल्यांमध्ये बौद्ध कुटुंबं पुष्कळ. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर अठरा दिवसांनी दुर्ग आणि नागपूर वेगवेगळ्या राज्यांत गेले, आणि याच काळात कारखान्याची भरती सुरू होती. एक पिढी नवा धर्म, नवं राज्य आणि नवी नोकरी एकाच वेळी घेऊन इथे उतरली. त्यांच्या घरातले दीक्षाभूमीचे फोटो, वंदनेच्या पुस्तिका, जयंतीची पत्रकं मंडळाच्या कपाटात नाहीत. त्यासाठी त्यांच्या घरी जावं लागतं. मी जाते. एका घरी आजोबांनी रेल्वेची जुनी तिकिटं दाखवली, पुठ्ठ्याची, दुर्ग ते नागपूर, दर वर्षीच्या दसऱ्याची एक, दोऱ्यात ओवलेली. अशी माळ कोणत्या संग्रहालयात असेल मला माहीत नाही. मी फोटो काढला, तिकिटं त्यांच्यापाशीच ठेवली.

*

भोसल्यांबद्दल एक टीप. छत्तीसगढात मराठी माणूस म्हटलं की रतनपूरचे बिंबाजी भोसले निघतातच. १७५८ ते १७८७ त्यांचा अंमल. रामटेकडीवरचं राममंदिर त्यांचं, आणि दसऱ्याला सोनं देण्याची चाल त्यांनीच इकडे रुजवली असं सांगतात. अभिमान वाटतो, वाटावा. पण त्यांच्यानंतरच्या सुभेदारांच्या अमलात रयत वसुलीने पिचली होती, हेही लिहायचं. आपल्याला हवं तेवढंच उतरवलं तर पुढचा माणूस आपल्या वहीवर विश्वास ठेवणार नाही.

दुर्गच्या आसपास देशमुख आडनावाचा माणूस भेटला तर लगेच मराठीत बोलू नये. तो बहुधा छत्तीसगढी कुर्मी असतो, दाऊ म्हणजे गावातला जमीनदार. १९७१ साली 'चंदैनी गोंदा' हा लोककलेचा मोठा प्रयोग उभा करणारे बघेरा गावचे रामचंद्र देशमुख असेच दाऊ होते.

*

राजनांदगाव इथून पाऊण तासावर. १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला आले. घरी मराठी, लिहिणं हिंदीत, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. १९६२ साली त्यांच्या 'भारत: इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. शालेय इतिहासाचं पुस्तक आणि त्यावर बंदी! ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले, तोवर त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह आलेला नव्हता. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादलेली रचनावली सहा खंडांत आली. हस्तलिखितं घरच्यांनी आणि मित्रांनी सांभाळली म्हणून हे झालं. राहती घरं बदलताना त्या कागदांचं कुणी 'काय करायचंय' म्हणालं असतं तर?

*

छत्तीसगढातले आणखी एक मराठी, माधवराव सप्रे. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं. त्यांच्या नावाचं वृत्तपत्र संग्रहालय भोपाळला आहे, विजयदत्त श्रीधर यांनी १९८४ साली सुरू केलेलं. लोकांच्या घरी पडलेले जुने अंक एकेक करून मागून आणले, त्यातून ते उभं राहिलं. मागायला लाजू नये, हा धडा मी तिथून घेतला.

*

एका ओळखीच्या घरी छत्तीसगढ मुक्ती मोर्चाची पत्रकं मिळाली. घरचे म्हणाले, "ही नका ठेवू बाई, उगीच वाद." मी ठेवली.

दल्ली-राजहराच्या खाणकामगारांना मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी यांनी १९७७ मध्ये एकत्र आणलं. त्याच वर्षी तिथे गोळीबार झाला. त्यात गेलेल्यांच्या आठवणीत कामगारांनी स्वतःच्या पैशाने दवाखाना बांधला, १९८३ साली, शहीद हॉस्पिटल. १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात फाशी गेलेले सोनाखानचे वीर नारायण सिंह आज छत्तीसगढात घराघरांत ठाऊक आहेत. नियोगींच्या संघटनेने त्यांचा दिवस पाळायला घेतला तेव्हा ते फारसे कुणाच्या तोंडी नव्हते. खाणीतल्या माणसांनी आपला इतिहास असा स्वतः शोधून काढला. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींचा भिलाईत झोपेत खून झाला. १ जुलै १९९२ ला पॉवर हाउस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळ्या चालल्या.

ठेक्यावरच्या कामगाराला क्वार्टर नसतं. मग माझ्या क्वार्टर-वहीत त्याचं पान कुठे? हा प्रश्न त्या पत्रकांनी मला विचारला. आता वहीचा दुसरा भाग केला आहे, बस्त्यांचा. तिथे नंबर नाहीत, म्हणून गल्ली, हातपंप आणि शेजाऱ्याचं नाव यांवरून पान लावते.

*

९ ऑक्टोबर २०१८, कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीची आग. कामावर गेलेली माणसं परत आली नाहीत. अपघातांत गेलेल्यांची नावं, सुरुवातीपासूनची, पक्क्या आणि ठेक्यावरच्या दोघांचीही, एका ठिकाणी लिहिलेली असावीत. मला ही यादी सगळ्या याद्यांआधी हवी आहे.

*

कागदाविषयी, जे चुकत चुकत शिकले.

सेलोटेप लावू नये. काही वर्षांत चिकटपट्टी गळून पडते आणि पिवळा डाग अक्षरांसकट राहतो. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. पेन्सिल घ्यावी. जुने अल्बम, ज्यांत चिकट पानावर पारदर्शक कागद बसतो, ते फोटोंचे शत्रू. स्टेपलर आणि टाचण्या आधी काढाव्यात, आपल्या पावसाळ्यात त्या गंजतात. कसर लागलेला कागद बाकीच्यांपासून लगेच वेगळा करावा. कपाट भिंतीला टेकवू नये. वाळवी भिंतीतून येते. इथल्या कागदांवर प्लांटची तांबूस धूळ असते. ती ओल्या फडक्याने पुसायची नाही, पसरते. मऊ ब्रशने, एका दिशेने.

आणि फोटो आला की पहिल्यांदा विचारायचं: यात कोण आहे? फोटो शंभर वर्षं टिकेल. हे उत्तर सांगणारा माणूस कदाचित पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच आहे.

*

आवाजही हवेत. कॅना हे स्कॉटलंडमधलं आणखी एक इवलंसं बेट. जॉन लॉर्न कॅम्बेल यांनी ते १९३८ मध्ये विकत घेतलं. ते आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट फे शॉ यांनी आयुष्यभर गेलिक गाणी, गोष्टी, फोटो गोळा केले आणि १९८१ साली बेटासकट सगळा संग्रह तिथल्या राष्ट्रीय न्यासाला देऊन टाकला. मार्गारेट मूळच्या अमेरिकेच्या. साउथ उइस्ट बेटावरच्या बायकांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी गाणी उतरवून घेतली.

आमच्याकडे गाणी वेगळी आहेत, पण बोली तर आहे! भिलाईची मराठी दुसरीकडे कुठे बोलत नाहीत. "बाबा ड्यूटी गेले," "पोरगा सायकलने गिरला," "भाजीत नमक बराबर आहे का बघ." वऱ्हाडी चाल, हिंदीची क्रियापदं, मधेच छत्तीसगढी. पुण्याचे पाहुणे हसायचे म्हणून आम्ही ती लपवली. आमची मुलं आता ती बोलत नाहीत, एक तर शुद्ध हिंदी, नाहीतर इंग्रजी. साठ वर्षांत जन्मलेली आणि मावळलेली ही बोली. मी मोबाइलवर आतापर्यंत अकरा जणींना बोलतं केलं आहे. विषय कोणताही चालतो. लोणच्यावर बोलल्या तरी बोली तीच.

*

स्कॉटलंडच्याच सेंट किल्डा बेटावरची शेवटची छत्तीस माणसं २९ ऑगस्ट १९३० ला बोटीत बसून कायमची निघून गेली. त्या बेटावर आज ढिगांनी पुस्तकं आहेत, कारण जाण्याचा दिवस एकच होता आणि तो सगळ्यांना दिसला. भिलाई अशी एका दिवशी रिकामी होणार नाही. महिन्याला चार ट्रक, मग पुढच्या महिन्यात पाच. कुणाच्या लक्षात येत नाही.

*

१९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या उपक्रमांनाही लागू आहे. म्हणजे कारखान्याच्या जुन्या फायली कुणाच्या खाजगी मालकीच्या नाहीत, मनात आलं म्हणून जाळता येत नाहीत. क्वार्टर वाटपाची जुनी रजिस्टरं कुठे ना कुठे असणार. ती टिकली आणि पाहायला मिळाली तर माझी चार महिन्यांची सोळा पानं एका दुपारी तपासून होतील. जमशेदपूरला, पुण्याला टाटांनी आपली अभिलेखागारं उभी केली. देशाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या गावाला ती त्यांच्याआधी मिळायला हवी होती. मैत्रीबागेत येणाऱ्या शाळेच्या सहलींना वाघ पाहून झाल्यावर अर्धा तास बसता येईल अशी एक खोली, एवढीच माझी मागणी आहे. भिंतीवर एक नकाशा टांगलेला असावा, सेक्टरांच्या रेषांखाली गावांची आणि शेतांची नावं लिहिलेला.

*

जे कधी काळी भिलाईत राहिले आणि आता नागपूर, पुणे, ठाणे, बंगळूर किंवा परदेशात आहेत, त्यांना विनंती. आज घरातला एक जुना फोटो काढा. मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा: यात कोण आहे, साधारण कोणतं साल, आणि तुमच्या क्वार्टरचा नंबर, सेक्टर आणि स्ट्रीटसह. तो भिलाईला पाठवला नाहीत तरी चालेल, तुमच्याच घरी नीट राहू द्या. आणि अंगणात तुम्ही एखादं झाड लावलं असेल तर तेही लिहा. इथे कुणीतरी त्याची फळं खात आहे.